काठी किती भिजली?

मामांच्या शेततळ्याच्या बांधावर उभं राहून आम्ही हिशेब केला होता. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. ३० × ३० × ३ म्हणजे २,७०० घनमीटर, म्हणजेच २७ लाख लिटर. मामांनी तो आकडा डाळिंबाच्या बागेवर बसवला. ठिबकला रोज किती लागेल, उन्हानं किती उडून जाईल हेही धरलं, आणि पाऊस येईपर्यंत पाणी पुरतं असं ठरवून टाकलं. मे महिन्यात तळ्याचा तळ ठरल्यापेक्षा कितीतरी आधी दिसला. पन्नी कुठे फाटली का म्हणून सगळं अस्तर चाचपून झालं. पन्नी शाबूत होती. गळती नव्हती, चोरी नव्हती. हिशेबातून गायब झालेलं पाच लाख लिटर पाणी त्या तळ्यात कधी नव्हतंच.

आमची गुणाकारात चूक झाली नव्हती. चूक होती ती आकार बघण्यात. ती समजून घ्यायची तर आधी जिथे हा गुणाकार अगदी बरोबर चालतो अशा ठिकाणी, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपाशी जायला हवं.

समजा टाकी आतून ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. ‘आतून’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा. टाकीच्या भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या असतील आणि टेप बाहेरून धरला, तर लांबी ४.४ आणि रुंदी ३.४ मीटर भरते. तळाचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटरऐवजी १४.९६ चौरस मीटर येतं. नुसता टेप चुकीच्या बाजूला धरल्यानं टाकी कागदावर जवळजवळ सव्वापट होते. उंचीचंही तसंच. स्लॅबपर्यंत अडीच मीटर मोजली तर ३० घनमीटर येतात. पण ओव्हरफ्लोचा पाइप २.२ मीटरवर असेल तर पाणी त्याच्यावर कधी चढणारच नाही. पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून २० सेंटिमीटर वर असेल तर त्याच्या खालचं पाणी कधी उचललं जाणार नाही. उरले मधले दोन मीटर, म्हणजे २४ घनमीटर. सोसायटीच्या कागदपत्रांत ३० हजार लिटरची टाकी असते आणि नळांना पाणी मिळतं २४ हजार लिटर. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता कशासाठी वापरायचा एवढंच कळायला हवं.

घनमीटरचे लिटर करायला १,००० ने गुणायचं, कारण लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा घन, आणि मीटरभर बाजूच्या घनात असे दहा × दहा × दहा, म्हणजे हजार घन मावतात. फुटांत मोजायची सवय असेल तर एका घनफुटात २८.३ लिटर. वाळू-मुरमाचा व्यवहार ज्या ब्रासमध्ये चालतो तो ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. एका लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो भरतं, म्हणून गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवताना आपण स्लॅबवर एक टन ओझं ठेवत असतो. माप घेताना हे मनात असलेलं बरं.

सरळ भिंतींच्या टाकीसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो ‘सेंटिमीटरचा भाव’. तळाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचं आणि त्याला दहानं गुणायचं. आलेला आकडा म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर हलली की किती लिटर हलले. आपल्या टाकीचा भाव १२० लिटर. वॉचमननं रात्री एक वाजता आणि पहाटे चार वाजता काठी बुडवली, मधे पंप बंद होता आणि तरी पातळी तीन सेंटिमीटर उतरली, तर ३६० लिटर कुठेतरी मुरतंय. काठी आणि टेप, बाकी काही लागत नाही. भाव एकदा काढून टाकीच्या झाकणावर रंगानं लिहून ठेवला की वर्षानुवर्षं कामाला येतो.

गोल टाकीत तळाचं क्षेत्रफळ काढायची रीत तेवढी बदलते. व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५४ ने, म्हणजे पायच्या (π) चौथ्या भागानं गुणायचं. काळ्या प्लास्टिकच्या टाकीचा व्यास बाहेरून नीट मोजता येत नाही, टेप नेमका मधोमध पडला की नाही ते कळत नाही. तिथे टेप टाकीभोवती गुंडाळून घेर मोजावा आणि घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागावं. घेर ३४५ सेंटिमीटर आला तर क्षेत्रफळ साधारण ९,४७० चौरस सेंटिमीटर, आणि सेंटिमीटरचा भाव साडेनऊ लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत फूटभर पाणी म्हणजे ३१४ घनफूट, सुमारे ८,९०० लिटर. गोल भांड्यात व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे व्यास मोजताना झालेली चूक दुप्पट होऊन उत्तरात येते. व्यासात दोन टक्के चुकलात तर पाण्यात चार टक्के. उंचीतली चूक मात्र जेवढ्यास तेवढी राहते. म्हणून विहिरीवर माप घ्यायला गेलात तर खोली एकदा मोजली तरी चालेल, व्यास तीन-चार दिशांनी मोजावा.

इथपर्यंत निम्मी काठी भिजली की टाकी निम्मी भरलेली असते. भिंती तिरक्या झाल्या की हे मोडतं.

घरातली बादली घ्या. तळाशी व्यास २० सेंटिमीटर, तोंडाशी ३०, उंची ३०. काठोकाठ भरली तर तिच्यात १४.९ लिटर पाणी मावतं. बरोबर निम्म्या उंचीपर्यंत, १५ सेंटिमीटरपर्यंत भरली तर? साडेसात लिटर नाही, फक्त सहा. निम्म्या उंचीला चाळीस टक्के पाणी. बादलीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याच्या दीडपट धरतो. रोज हातात असलेल्या वस्तूबद्दल हे आपल्याला जाणवत नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग बादलीचं घनफळ काढायचं कसं? डोक्यात येतात ते दोन मार्ग. पहिला, वरच्या आणि खालच्या व्यासाची सरासरी घ्यायची. २० आणि ३० ची सरासरी २५, त्या व्यासाचा सरळ डबा धरायचा. उत्तर येतं १४.७३ लिटर. दुसरा, वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घ्यायची. उत्तर येतं १५.३१ लिटर. एक कमी, एक जास्त. खरं उत्तर १४.९२, दोहोंच्या मधे, पण मधोमध नाही.

हा घोळ फार जुना आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच जुनं. इसवी सन ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात ब्रह्मगुप्तानं या दोन्ही उत्तरांना नावं दिली आहेत. बाजूंच्या सरासरीवरून येणारं ते व्यावहारिक आणि क्षेत्रफळांच्या सरासरीवरून येणारं ते औत्र. मग तो सांगतो की औत्रातून व्यावहारिक वजा करा, बाकीला तीननं भागा आणि आलेला भाग व्यावहारिकात मिळवा. हे सूक्ष्म, म्हणजे अचूक उत्तर. आपल्या बादलीवर करून पाहा. १५.३१ वजा १४.७३ म्हणजे ०.५८, त्याचा तिसरा हिस्सा ०.१९, तो १४.७३ मध्ये मिळवला की १४.९२. कागद-पेन्सिल घेऊन हे पहिल्यांदा जुळवलं त्या दिवशी मी घरातल्या झाडून सगळ्या बादल्या मोजल्या होत्या.

पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी तेच गणित जास्त सुटसुटीत मांडलं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘लीलावती’ ११५० ची, त्यांच्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षीची. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ‘लीलावती’त खातव्यवहार नावाचा एक भाग आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा, हौद, वाव, तळं. आपलं शेततळं थेट त्याच घरातलं.

त्यातला एक खड्डा नीट कोरलेलाच नाही. तीन ठिकाणी लांबी मोजली तर १०, ११, १२ हात भरते. रुंदी ६, ५, ७ हात, खोली २, ४, ३ हात. खऱ्या जमिनीवर खड्डे असेच असतात. भास्कराचार्य सांगतात की प्रत्येक मापाची सरासरी घ्या. ११ × ६ × ३ म्हणजे १९८ घनहस्त. जेसीबीनं खणलेल्या खड्ड्याचे ब्रास काढताना आजही हीच रीत वापरतात.

दुसरं उदाहरण एका वापीचं, म्हणजे वावेचं. तोंडाशी १२ हात लांब, १० हात रुंद. तळाशी दोन्ही मापं बरोबर निम्मी, ६ आणि ५. खोली ७ हात. इथे त्यांनी दिलेला नियम असा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, १२०. तळाचं घ्या, ३०. मग वरची आणि खालची लांबी मिळवून १८, वरची आणि खालची रुंदी मिळवून १५, आणि या दोन बेरजांचा आयत करून त्याचं क्षेत्रफळ घ्या, २७०. तिन्ही मिळवा, ४२०. सहानं भागा, ७०. खोलीनं गुणा. उत्तर ४९० घनहस्त. बाजूंच्या सरासरीनं गेलात तर ४७२.५ आलं असतं, क्षेत्रफळांच्या सरासरीनं ५२५.

आता मामांचं तळं. शासनाच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून महाराष्ट्रात गावोगाव ३० × ३० × ३ मीटरची तळी झाली. त्यातली ३० बाय ३० ही तोंडाची मापं. भिंती उभ्या ठेवल्या तर त्या ढासळतील, म्हणून त्यांना उतार देतात. उतार एकास एक असेल तर तीन मीटर खाली जाताना प्रत्येक भिंत तीन मीटर आत येते. चारी बाजूंनी आत येत येत तळ उरतो २४ बाय २४. भास्कराचार्यांच्या नियमानं तोंड ९००, तळ ५७६, बेरजांचा चौरस ५४ × ५४ म्हणजे २,९१६. एकूण ४,३९२. सहानं भागून तीननं गुणलं की २,१९६ घनमीटर. जवळपास २२ लाख लिटर. मामांचे २७ लाख आणि हे २२ लाख यांतला फरक दहा हजार लिटरच्या पन्नास टँकरांचा आहे.

नियम तर लागला, पण तो का लागतो? हे कळायला तळ्याचे मनातल्या मनात तुकडे करावेत. मधोमध उभ्या भिंतींचा एक हौद, २४ × २४ × ३, म्हणजे १,७२८ घनमीटर. त्याच्या चारी बाजूंना पाचरीसारखे चार तुकडे, प्रत्येक २४ मीटर लांब आणि काटछेदात त्रिकोणी. एकेक १०८ घनमीटरचा, चार मिळून ४३२. इथपर्यंत सगळ्या रीतींचं एकमत आहे. भांडण आहे ते चार कोपऱ्यांत. कोपऱ्याचा तुकडा वर तीन बाय तीनचा चौरस, आणि खाली जाता जाता निमुळता होत एका टोकाशी संपणारा. असे चार तुकडे एकत्र जोडले तर ६ बाय ६ पायाचा, ३ मीटर उंचीचा उलटा पिरॅमिड होतो. असा टोकदार खड्डा त्याच तोंडाच्या उभ्या भिंतींच्या खड्ड्याचा बरोबर तिसरा हिस्सा असतो. त्याला ‘लीलावती’त सूचीखात म्हटलं आहे. ६ × ६ × ३ म्हणजे १०८, त्याचा तिसरा हिस्सा ३६. मग १,७२८, ४३२ आणि ३६ मिळून २,१९६.

बाजूंची सरासरी घेणारा माणूस नकळत या चार कोपऱ्यांचं पाणी २७ घनमीटर धरतो, क्षेत्रफळांची सरासरी घेणारा ५४ धरतो. खरं आहे ३६. म्हणजे २७ च्या वर त्या दोघांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा, नऊ. ब्रह्मगुप्ताचा तो तिसरा हिस्सा कुठून आला ते या कोपऱ्यांत उभं राहिलं की दिसतं. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे चार कोपरे डोळ्यांपुढे आणणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण सूत्र विसरलं तरी कोपरे विसरत नाहीत.

भास्कराचार्यांच्या बेरजांच्या आयतात आणखी एक गोष्ट आहे. वरची आणि खालची लांबी मिळवून आलेली बाजू ही खड्ड्याच्या मध्यावरच्या लांबीच्या दुप्पट असते. रुंदीचंही तसंच. म्हणून तो आयत म्हणजे मधल्या पातळीवरच्या क्षेत्रफळाची चौपट. नियमाचा अर्थ असा होतो की वरचं एक, खालचं एक आणि मधलं चारदा मिळवा आणि सहानं भागा. आजचे स्थापत्य अभियंते कालव्याच्या आणि रस्त्याच्या मातीकामाची मापं काढताना हाच नियम वापरतात.

‘लीलावती’त लांबीचं माप आणि भांड्याचं माप एकमेकांना बांधलेलं आहे, हेही सांगायला हवं. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल अशा भांड्यात मावेल तेवढं धान्य म्हणजे एक मागध खारी. घनमीटरला हजार लिटर बांधले आहेत, तसंच. त्यामुळे खळ्यावर पडलेल्या राशीभोवती दोरी फिरवली की खारींचा अंदाज निघे. धान्याची रास आपला उतार आपणच ठरवते. भास्कराचार्य सांगतात की जाड धान्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी असते, बारीक धान्याची अकराव्या आणि कुसाच्या धान्याची नवव्या. घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणायचं. घेर ६० हात, जाड धान्य, तर उंची ६, दहाचा वर्ग १००, म्हणून ६०० खारी. इथे पायची किंमत तीन धरली आहे, त्यामुळे उत्तर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त येतं. खळ्यावरच्या कामाला तेवढं चालून जातं. ज्यांनी दुसरीकडे पायची उत्तम किंमत दिली, त्यांनी इथे मुद्दाम सोपी किंमत घेतली. कुठे किती बारकाई हवी याचं हे भान मला फार आवडतं.

पुन्हा पाण्याकडे येऊ. पाण्याचा टँकर ही आडवी पडलेली गोल टाकी. व्यास १.८ मीटर आणि लांबी ४ मीटर असेल तर पूर्ण भरल्यावर साधारण १०,१८० लिटर. आता वरच्या झाकणातून काठी घाला. पाण्याची रुंदी दर सेंटिमीटरला बदलते. अगदी तळाला पाणी एका चिंचोळ्या पट्टीत असतं, म्हणून तळाच्या पहिल्या सेंटिमीटरात जेमतेम सात लिटर मावतात. मध्यावर पाणी पूर्ण व्यासभर पसरतं, तिथे एका सेंटिमीटरात ७२ लिटर. एकाच टाकीत सेंटिमीटरचा भाव दहापट बदलतो.

काठी व्यासाच्या दहाव्या हिश्शापर्यंत भिजली तर टाकीत फक्त ५.२ टक्के पाणी आहे. पाव भिजली तर १९.६ टक्के. निम्मी भिजली तर बरोबर निम्मं, इथे आडवी टाकी उंचीशी इमान राखते. पाऊण भिजली तर ८०.४ टक्के. म्हणून वाडीवर शेवटच्या घरांपर्यंत टँकर पोचतो तेव्हा काठीवर ‘अजून पाव आहे’ असं दिसत असलं तरी मोजून दोन हजार लिटरच उरलेले असतात, अडीच हजार नाहीत. कितीतरी टँकर पूर्ण गोल नसून लंबगोल असतात. तरी हे टक्के तसेच लागू पडतात, कारण लंबगोल म्हणजे एका दिशेनं दाबलेलं वर्तुळ. दाबताना पाणी आणि टाकी दोन्ही सारख्याच प्रमाणात दबतात.

पेट्रोल पंपाच्या जमिनीखाली अशाच आडव्या टाक्या पुरलेल्या असतात. रोज सकाळी तिथला माणूस पितळी डिप रॉड सोडतो, भिजलेली खूण बघतो आणि डिप चार्टमध्ये त्या मिलिमीटरसमोरचे लिटर वाचतो. तो तक्ता म्हणजे वरचं सगळं गणित एकदाच करून ठेवलेलं. दोन मीटर व्यासाच्या आणि साडेसहा मीटर लांबीच्या टाकीत मध्याजवळ एक मिलिमीटर म्हणजे १३ लिटर. रॉड किंचित तिरका गेला, टाकी एका बाजूला जरा खचली, की तेवढ्यानं नोंद चुकते. रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट लावतात. तळाशी पाणी साचलं असेल तर तिचा रंग बदलतो आणि तेवढी उंची पेट्रोलमधून वजा होते. शिवाय पेट्रोल उन्हानं फुगतं. दहा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर सुमारे ९५ लिटरनी वाढतं. म्हणून पंपावर घनता मोजून ती १५ अंश सेल्सिअसला काय असेल ते काढून लिहितात.

काठी घालून घनफळ सांगण्याच्या सवयीनं एका मोठ्या माणसाला या गणिताकडे ओढलं, तो प्रसंग ऑस्ट्रियातल्या लिंझ गावचा. १६१३ साली योहानेस केप्लरचं दुसरं लग्न झालं होतं. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे दाखवणारा हा माणूस. नव्या संसारासाठी त्यानं वाइनची पिंपं घेतली. व्यापारी आला, पिंपाच्या पोटावरच्या भोकातून त्यानं एक काठी तिरकी घातली, ती समोरच्या झाकणाच्या खालच्या कडेला टेकवली, काठीवरचा आकडा वाचला आणि पैसे सांगितले. पिंप लांब आहे की आखूड, जाड आहे की बारीक, काही पाहिलं नाही. केप्लरला हे खटकलं, आणि खटकायलाच हवं होतं. समजा काठी ६० सेंटिमीटर भिजली. पिंप सोपेपणासाठी सरळ नळकांड्यासारखं धरू. त्याचा व्यास ४९ आणि लांबी ६९ सेंटिमीटर असेल तर त्यात १३० लिटर मावतात. व्यास ३० आणि लांबी १०४ असेल तरी काठी तीच ६० दाखवते, पण वाइन असते ७३ लिटर.

केप्लर कामाला लागला. ठरावीक तिरक्या मापात सगळ्यात जास्त कोणत्या पिंपात मावेल हे त्यानं शोधलं. लांबी व्यासाच्या १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी असेल तेव्हा. ऑस्ट्रियातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जी पिंपं बनवत होते त्यांचं प्रमाण त्याच्या जवळच होतं. आणि कमाल घनफळाच्या जवळ असताना आकार थोडा चुकला तरी घनफळ फारसं हलत नाही. ६० च्या त्याच काठीला पिंपाची लांबी ८० केली तर १२६ लिटर, ६० केली तर १२७. तीन-चार टक्क्यांचा फरक. व्यापाऱ्याची काठी त्या गावच्या पिंपांपुरती खरी बोलत होती. केप्लरनं १६१५ मध्ये लिंझमध्येच या विषयावर पुस्तक छापलं. कमाल-किमान शोधण्याच्या गणिताच्या वाटेवरचं ते एक महत्त्वाचं पाऊल होतं.

काही भांडी कोणत्याच काठीला जुमानत नाहीत. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवं खणलेली होती. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद आणि आत मोठा फुगवटा. तोंडाशी टेप धरून त्यांचं काहीच कळत नाही. अशा वेळी आत उतरून थोड्या थोड्या उंचीवर घेर मोजावा, एकेक थराचं घनफळ काढावं आणि मिळवावं. थर जितके पातळ, तितकं उत्तर खऱ्याजवळ. लहान भांड्याला याचीही गरज नाही. कळशी रिकामी तोलावी, भरून तोलावी. किलोंत आलेला फरक तेच लिटर.

धरणाचं पाणीही याच थरांनी मोजतात. समोच्च रेषांवरून प्रत्येक पातळीला पाणी किती पसरेल ते क्षेत्रफळ काढतात, दोन पातळ्यांमधला थर मोजतात आणि थरावर थर रचत जातात. त्यातून पातळीसमोर साठा असा तक्ता तयार होतो, पेट्रोल पंपाच्या डिप चार्टसारखाच, फक्त दशलक्ष घनमीटरांत. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातला ७३८ मृतसाठा, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, विमोचकाच्या खालचा, आणि उरलेला २,१७१ उपयुक्त. सोसायटीच्या टाकीत फूटव्हॉल्व्हच्या खाली राहणारं पाणी आणि हा मृतसाठा यांत तत्त्वाचा काही फरक नाही. वर्तमानपत्रात येणारे टक्के उपयुक्त साठ्याचे असतात, त्यामुळे धरण ‘शून्य टक्के’ झालं तरी त्यात पाणी असतं. टीएमसी हा आकडाही रोज कानावर येतो. तो म्हणजे शंभर कोटी घनफूट, २,८३२ कोटी लिटर. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. तिथे एक सेंटिमीटर पाणी उन्हानं उडालं तर ३५० कोटी लिटर गेलं. तेच सेंटिमीटर खालच्या पातळीवर उडालं तर फार कमी जातं. मामांच्या तळ्यातही असंच होतं. काठोकाठ भरलेलं असताना एका सेंटिमीटरला नऊ हजार लिटर जातात, तळाशी पोचल्यावर पावणेसहा हजार.

पुढच्या पावसाळ्याआधी मामांनी तळ्यात रोवायला पीव्हीसीचा एक पाइप आणला. पन्नीला भोक पडू नये म्हणून त्याच्या बुडाला सिमेंटचा गोल ठोकळा ओतला. त्यावर पाच-पाच लाख लिटरच्या खुणा मी रंगवल्या. पहिली खूण तळापासून ८१ सेंटिमीटरवर, दुसरी १५३ वर, तिसरी २१८ वर, चौथी २७८ वर. खुणा वर जाताना एकमेकींच्या जवळ जवळ येत गेल्या. मामांनी पाइप हातात धरून बराच वेळ पाहिला. मग विती टाकत पहिल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजलं, शेवटच्या दोन खुणांमधलं मोजलं, आणि विचारलं, “हे अंतर कमी होत गेलंय, ते त्या उतारामुळेच ना?”